उघडी कड

"ती कड तशीच रवांदे," सदानंद म्हणाला. "तिका पट्टी मारू नको."

मी बोटीच्या पोटात गुडघ्यांवर बसले होते. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात एपॉक्सीची वाटी. ती वाटी एकदा कालवली की कुणासाठी थांबत नाही, बघता बघता घट्ट होते. नेमक्या अशा वेळी नवऱ्याने दारात उभं राहून नवीन काहीतरी सांगावं, याच्यासारखा वैताग नाही.

"कित्याक?"

"अशीच. जरा वारो लागांदे तिका."

"प्लायवूडाक वारो? ता काय भात वाळत घातलला आसा?"

"तू वाद घालू नको गो. बाकीच्यो सगळ्यो कर. ही एक रवांदे."

तो निघून गेला. मी हसत हसत पुढच्या कडेला ब्रश लावला. माझा नवरा फेरीबोटीवर इंजिन ड्रायव्हर. इंजिनाचा खोकला ऐकून त्याचा आजार सांगेल, पण लाकडातलं त्याला ओ की ठो कळत नसे. आमच्या न्हाणीघराला त्याने एकदा स्वस्तातल्या प्लायचं दार आणून बसवलं होतं. पहिल्याच पावसात ते असं फुगलं की माझी जाऊ आत अडकली आणि शेजाऱ्यांनी येऊन तिला बाहेर काढलं. त्यामुळे लाकडाला वारा लागू दे असं त्याने म्हटलं तर त्यात नवल नव्हतं.

खरं तर बोटीतल्या कडेला वारा लागता कामा नये. प्लायवूड म्हणजे एकावर एक चिकटवलेले पातळ पदर. वरून फळी दिसते सरळ, पण कापली की कडेला ते सगळे पदर उघडे पडतात. घरातल्या कपाटाला ते एखाद वेळ चालून जातं. खाऱ्या हवेत मात्र ती कड ओल पीत राहते, फुगते, आणि पदर सुटायला लागतात. म्हणून कड आधी घासायची, फटी भरायच्या, एपॉक्सीचे दोन हात द्यायचे आणि त्यावर सागवानाची पट्टी चिकटवायची. पट्टी मुद्दाम थोडी रुंद घ्यायची आणि सुकल्यावर रंध्याने प्लायच्या बरोबरीला आणायची. खरं कसब या शेवटच्या कामात. प्लायच्या तोंडावरचा थर कागदाइतका पातळ असतो. रंधा किंचित तिरका गेला तर तो टरकन फाटतो, आणि मग वर कितीही पॉलिश चोपडा, ते लपत नाही. सगळं झालं की कोपरे गोल करायचे, कारण बोट डुलते आणि माणसाची कंबर कुठे ना कुठे आपटतेच.

हे मला माझ्या वडिलांनी शिकवलं. भिकाजी मेस्त्री हे नाव तेव्हा आमच्या खाडीच्या दोन्ही काठांवर चालायचं. माझा भाऊ दिगंबर सुतारकामाला नाक मुरडून मुंबईला गेला, आणि पट्टीचं दुसरं टोक धरायला मी उरले. टोक धरता धरता रंधा हातात कधी आला ते मलाही कळलं नाही. लोकांना हे सांगायची सोय मात्र नव्हती. मेस्त्रीची मुलगी रंधा मारते म्हटलं की गिऱ्हाईक तोंड वाकडं करी. पुढे बाबांच्या हातांना कंप सुटला, चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागायचा. तेव्हापासून असं ठरूनच गेलं की बाबा बाहेर वाळूत ओंडक्यावर बसून विडी ओढणार आणि मी आत काम करणार. जाणारा-येणारा हाक देई, "काय मेस्त्रीनू, काम जोरात आसा!" बाबा मान हलवत. मला त्याचं काही वाटत नसे. आपल्याच बापाचं नाव होतंय ना, होऊ दे.

आणि ही बोट तर माझीच होती. आमच्याकडे नुकते कुठे पर्यटक यायला लागले होते. डॉल्फिन दाखवा, खाडीतून फिरवा, बोटीवर मासे खायला घाला, असं म्हणत लोक पुण्या-मुंबईहून येत. सदानंदने मासेमारीची एक जुनी बोट घेतली. तिच्यावर केबिन चढवायची, आत दोन बाकं, झोपायची सोय आणि एक लहान स्वयंपाकघर करायचं असं ठरलं. तो इंजिनावर, मी चुलीवर. सासरी आम्ही चौघी जावा एका चुलीपाशी नांदत होतो. चहा टाकायलासुद्धा नंबर लावावा लागे, आणि डबा कुठल्या फळीवर ठेवायचा ते थोरली ठरवी. बोटीतलं स्वयंपाकघर दोन हात पसरले की संपणारं, पण तिथली प्रत्येक फळी माझ्या उंचीच्या मापाने बसवलेली होती. मसाल्याचं कपाट कुठे, भांडी घसरू नयेत म्हणून फळीला काठ किती उंच, सगळं मी ठरवलं होतं. जन्माला आल्यापासून मला माझी म्हणायची जागा पहिल्यांदा मिळत होती.

कडांना लावलेलं सागवानही माझंच. माहेरी घरामागच्या परड्यात एक झाड होतं. बाबा मी लहान असल्यापासून म्हणायचे, "घर दिगूचा, ह्यो सागवान तुझो." बोटीचं ठरल्यावर त्यांनी तो तोडून दिला, आणि त्याच्या पट्ट्या मी काढल्या.

तर त्या एका उघड्या कडेचं कोडं मी माझ्या परीने सोडवून टाकलं. ती स्वयंपाकघरातल्या मोठ्या कपाटाची कड होती, आत शिरल्या शिरल्या समोर दिसणारी. सदानंद त्या दिवसांत फार गोड वागत होता. येताना सुरंगीच्या फुलांचा वळेसर आणी, माझ्या हातच्या तिसऱ्यांच्या कालवणाचं कौतुक करी. माझ्या मनाने घेतलं की त्या कपाटाला आरसा लावायचा त्याचा बेत असणार, किंवा माझं नाव कोरलेली एखादी फळी. कुणीतरी गुपचूप आपल्यासाठी काहीतरी करतंय, या कल्पनेनेच माणूस किती खुळं होतं.

दुपारी जेवताना मी बाबांना सांगितलं, "बाबा, ह्येंनी एक कड उघडी ठेवूक सांगल्यानी."

बाबांनी भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला. "ठेव मगे."

"असा काय? तुमी तर माका जेवूकसुद्धा देयत नव्हतास कड उघडी टाकून."

"नवरो सांगता ना? ठेव." आणि त्यांनी वर न बघता तुकडा तोंडात टाकला.

माझं डोकं ठिकाणावर असतं तर मी तिथेच थांबून विचार केला असता. पण मला आरसा दिसत होता.

रविवारी सकाळी मी डबा घेऊन खाडीवर आले, तर बाबा आधीच येऊन बसलेले. अंगात इस्त्रीचा शर्ट, डोक्यावर धुतलेली टोपी.

"खय लग्नाक जातास?" मी विचारलं.

"सदा पावणे घेऊन येतलो. बोट बघूक."

पर्यटनवाले कुणी असतील, मला वाटलं. गिऱ्हाईक आणून देणारी माणसं तेव्हा अधूनमधून येत. मी डबा इंजिनाच्या पेटीवर ठेवला आणि कामाला लागले. उघड्या कडेच्या शेजारच्या कपाटाला आदल्या दिवशी पट्टी चिकटवून झाली होती, आता तिला रंधा मारायचा होता. मी पातं लावून घेतलं, एवढ्यात गाडीचा आवाज आला.

पाहुणे गोव्याचे होते. वेर्लेकर नावाचे हॉटेलवाले, पन्नाशीचे, पांढरे बूट घातलेले. सदानंदने त्यांना हात देऊन फळीवरून वर घेतलं. बाबाही त्यांच्या मागून चढले.

"कुंदा, तू जरा भायर ये," सदानंद मला म्हणाला. "आत जागा नाय."

मी दारात जाऊन उभी राहिले. वेर्लेकरांनी बाकं बघितली नाहीत, खिडकीतून दिसणारी खाडी बघितली नाही. ते सरळ त्या उघड्या कडेपाशी गेले आणि पांढऱ्या पँटची पर्वा न करता उकिडवे बसले. अंगठा कडेवरून वरपासून खालपर्यंत फिरवला. नखाने एक पदर टोकरून बघितला. मग खिशातून चष्मा काढून मधल्या पदरांत कुठे पोकळ आहे का ते न्याहाळायला लागले.

मी ते बघत राहिले. मी लहान असताना बाबा मला मडगावला प्लायच्या दुकानात न्यायचे. तिथे ते फळीच्या तोंडाकडे बघतसुद्धा नसत. थप्पीतून एक ओढायचे, अंगठा कडेवरून फिरवायचे, नखाने टोकरायचे. "बाय, तोंड कोणय रंगवता. आतला काय ता हय कळता," असं मला सांगायचे. सहलीला आलेला माणूस असं करत नाही. जो विकत घ्यायला आलाय तोच असं करतो.

"माल चांगला आहे," वेर्लेकर उठत म्हणाले. "बरं केलंत एक कड उघडी ठेवलीत ते. सगळ्या झाकलेल्या असत्या तर मी हात लावला नसता. वरून साग आणि आत भुसा, असा एकदा फसलोय मी."

"मग ठरला म्हणूया?" सदानंद म्हणाला.

"ठरलं. पुढच्या आठवड्यात बोट गोव्याला येऊ दे."

मी दारातून आत आले. "बोट खय जाता?"

"मगे सांगतंय," सदानंद म्हणाला.

"आत्ता सांगा."

"कुंदा, लोकांसमोर नको." तो आवाज खाली आणून बोलत होता, चेहऱ्यावर हसू तसंच ठेवून. "माका थय कायमची नोकरी देतत. ह्या बोटीरच. पावसात घराक बसूक नको. तुका बसवून सगळा सांगणार होतंय."

"बसवून? बोट गेल्यार?"

तो पाहुण्यांकडे बघून हसला. मला त्याला सगळ्यांसमोर फाडून खायचं होतं. वळेसर, तिसऱ्यांचं कौतुक, वारो लागांदे म्हणणं, सगळं एकेक करून त्याच्या तोंडावर मारायचं होतं. पण तोंड उघडता उघडता माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी आलं आणि मी तिथेच थांबले.

सदानंदला हे सुचणं शक्य नव्हतं. न्हाणीघराला फुगणारं दार आणणारा माणूस. गिऱ्हाईक आधी कड बघतं, एकदा पट्टी बसली की आतलं कुणालाच कळत नाही, म्हणून समोरची एक कड उघडी ठेवावी, हे त्याला सात जन्मांत सुचलं नसतं. हे त्याला कुणीतरी सांगितलं होतं. आणि आमच्या खाडीवर असं सांगू शकणारी माणसं दोनच होती. त्यातली एक मी.

मी बाबांकडे बघितलं. ते इस्त्रीच्या शर्टात कपाटाला टेकून उभे होते आणि खिडकीबाहेर बघत होते.

"मामा, तुमी म्हणालास तसाच झाला," सदानंद त्यांना म्हणाला. बिचाऱ्याला वाटलं, माझं लक्ष नाही.

वेर्लेकर आता बाकीच्या कडांवरून हात फिरवत होते. मसाल्याच्या कपाटाच्या कोपऱ्यावर, जिथे दोन पट्ट्या तिरक्या कापून जुळवल्या होत्या, तिथे त्यांचं बोट थांबलं. "सांधा हाताला लागतसुद्धा नाही. हे काम कुणाचं?"

मला आठवतं, त्या क्षणाला मी मनात बाबांना माफ करायला तयार होते. बोट गेली तर जाऊ दे. सदानंदचं आणि माझं मी नंतर बघून घेईन. बाबांनी फक्त माझ्याकडे मान वळवून एवढंच म्हणावं, हिचा. बाहेरच्या लोकांना नका सांगू, गावाला नका सांगू, या एका माणसाला सांगा.

"माझाच," बाबा म्हणाले. "म्हातारो झालंय, पन हात आजून चलता."

"आणि ह्या कोण?"

"ह्या माझा चेडू. डबो घेऊन येता."

तेही काही खोटं नव्हतं, मुलगी मी होतेच आणि डबाही आणतच होते. बोट विकली गेल्याचं कळलं तेव्हा मला राग आला होता. हे ऐकल्यावर तो रागही राहिला नाही. नवऱ्याने माझी बोट विकली होती. बापाने माझे हात स्वतःच्या नावावर करून घेतले, आणि तेही माझ्यासमोर उभं राहून, डोळ्याला डोळा न देता.

"मेस्त्री, मला आणखी तीन बोटी करून घ्यायच्या आहेत," वेर्लेकर म्हणाले. "पण कडा ह्याच हाताच्या पाहिजेत. जमेल?"

"जमतला." बाबांचा आवाज मी कित्येक वर्षांत असा ऐकला नव्हता, भरदार, पूर्वीसारखा. "दिगूक बोलावून घेतंय मुंबयसून. माझो झील. तो आसा माझ्या हाताखाली."

दिगूला रंधा कुठल्या बाजूने धरतात तेसुद्धा माहीत नव्हतं. पण बाबांचं सगळं ठरलेलं होतं. सुतारकामाची बंद पडलेली शेड उघडणार, मुलगा परत येणार, दारावर भिकाजी मेस्त्री आणि मुलगा अशी पाटी लागणार. आणि तीन बोटींच्या पोटात बसून कडा कोण करणार, तेही ठरलेलं होतं. मला विचारायची कुणाला गरज वाटली नव्हती. मी नाही म्हणेन, असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नसेल.

आमच्याकडे रीत आहे, बोट मालकाच्या ताब्यात जायची ठरली की मालक मेस्त्रीच्या हातात नारळ आणि शाल देतो. ज्याच्या हाताने बोट झाली त्याचा तो मान. वेर्लेकरांना रीत ठाऊक होती, त्यांनी गाडीतून दोन्ही मागवलं. बाबांनी टोपी सारखी करून नारळ घेतला. तो हातात हलायला लागला तसा त्यांनी पोटाशी घट्ट धरला. शाल सदानंदने त्यांच्या खांद्यावर घातली. मी तेवढा वेळ दाराची चौकट धरून उभी होते. ती चौकटही मीच घासली होती.

सगळं झाल्यावर वेर्लेकरांची नजर त्या शेजारच्या कपाटावर गेली. पट्टी वर आलेली, रंधा पट्टीवरच ठेवलेला. ते खूश झाले. "ही अजून मारायची राहिलीय ना? मारा मेस्त्री दोन हात. माझे आजोबा हौसेने करायचे हे काम. लहानपणी मी बघत बसायचो."

"आता?" बाबा म्हणाले. "आता नको सायब. सकाळच्या वेळी हात आखडतत."

"दोनच हात हो. मग निघतो मी."

सदानंदने माझ्याकडे बघितलं. आणि त्या सकाळी पहिल्यांदाच बाबांनीही माझ्याकडे बघितलं. ती नजर माझ्या ओळखीची होती. चारचौघांत कुणी त्यांच्यासमोर काठोकाठ भरलेला कप ठेवला की ते माझ्याकडे असेच बघत, आणि मी काहीतरी निमित्त काढून तो उचलून घेई. आताही सोपं होतं. बाबांची औषधाची वेळ झाली म्हणायचं, किंवा पट्टी अजून ओली आहे म्हणायचं. वेर्लेकरांनी लगेच ऐकलं असतं. माझ्या जिभेवर शब्द आलेसुद्धा. इतक्या वर्षांची सवय.

मी रंधा उचलला. पात्यात अडकलेली धूळ फुंकली. बाबांच्या हातातला नारळ घेऊन बाकावर ठेवला आणि त्याच्या जागी रंधा दिला. त्यांची बोटं बर्फासारखी गार होती. मग मी वळले, फळीवरून खाली उतरले आणि वाळूत येऊन चपला शोधायला लागले.

आतून रंधा ठेवल्याचा आवाज आला. पहिला हात अर्ध्यावर थांबला. मग पुन्हा लागला, आणि कागद फाटावा तसा लांब टरकन आवाज आला. मी बघितलं नाही, बघायची गरज नव्हती. प्लायचं तोंड गेलं होतं.

मग वेर्लेकरांचा आवाज आला, अवघडलेला. "राहू दे मेस्त्री, राहू दे."

बाबा दारात आले. खांद्यावरची शाल एका बाजूला ओघळलेली, उजवा हात डाव्याने धरून ठेवलेला. मागे वेर्लेकर उभे होते, त्यांच्यामागे सदानंद.

"बाय," त्यांनी हाक मारली. "जरा आत ये गो."

मला चप्पल सापडली होती. मी ती पायात घातली.

"डबो इंजिनार ठेवलंय, बाबा," मी म्हटलं. "जेवून घेवा."

आणि मी घरच्या वाटेला लागले.